टेलविंड बसविणे सोपे, समजून बसविणे महत्त्वाचे

आपल्या बाजारपेठेत आता वहीच्या जोडीला ॲपही आले आहे. कापडाचा ठोक व्यापारी असो, फर्निचरचा कारखानदार असो की हार्डवेअरचा दुकानदार असो, ऑर्डर, माल आणि उधारी पाहण्यासाठी संगणकावर व मोबाइलवर उघडणारे एखादे वेब ॲप करून घेण्याकडे सर्वांचा कल वाढला आहे. हे काम बहुधा घरातलाच एखादा मुलगा, भाचा किंवा मोहल्ल्यातला शिकलेला तरुण करतो. ही चांगली गोष्ट आहे. पैसा घरात राहतो आणि मुलाच्या हाताला काम मिळते. परंतु काम देणाऱ्याला त्या कामातले काही कळत नाही आणि काम करणाऱ्याला घाई झालेली असते, तेव्हा नुकसान दोघांचेही होते. याचा अनुभव आमच्या दुकानाने घेतला आहे, म्हणून हा लेख.

आमच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी एका ओळखीच्या तरुणाने उधारीचे ॲप तयार केले. ज्याची बाकी थकली आहे त्याचे नाव लाल पट्टीत आणि ज्याचा हिशेब चुकता आहे त्याचे नाव हिरव्या पट्टीत दिसावे, एवढीच आमची मागणी होती. त्याने घरी करून दाखविले तेव्हा रंग छान दिसत होते. दुकानात बसविले आणि साऱ्या पट्ट्या पांढऱ्या! आम्ही त्या दिवशी गावात नव्हतो. गल्ल्यावरच्या मुलाला रंग पाहून माल सोडायला सांगितले होते. लाल पट्टी दिसली नाही, म्हणून त्याने दोन जुन्या थकबाकीदारांना पुन्हा उधारीवर माल दिला. त्यांतल्या एकाची वसुली अजून बाकी आहे.

“चाचा, माझ्याकडे तर रंग दिसत होते,” एवढेच तो तरुण म्हणत राहिला. त्याने दोन दिवस कोड तपासला. हिशेबात चूक नव्हती, जावास्क्रिप्टमध्येही चूक नव्हती. चूक होती ती टेलविंड बसविताना त्याने समजून न घेतलेल्या एका गोष्टीत. ती गोष्ट कोणती हे पुढे येईलच. आधी टेलविंड म्हणजे काय ते पाहू.

टेलविंड म्हणजे काय?

वेबचे कोणतेही पान तीन गोष्टींनी उभे राहते. एचटीएमएल मजकूर मांडते, सीएसएस त्याला रूप देते आणि जावास्क्रिप्ट त्यात हालचाल आणते. सीएसएसची कल्पना होकोन व्हियुम ली यांनी १९९४ साली मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला प्रमाण स्वरूप मिळाले. तेव्हापासूनची रीत अशी की, पानावरच्या वस्तूला ‘ग्राहक-पट्टी’ असे काही नाव द्यायचे आणि वेगळ्या फाइलमध्ये त्या नावापुढे रंग, जागा, अक्षराचा आकार लिहायचा. लहान कामात ही रीत उत्तम चालते. काम वाढले की ती फाइल जुन्या गोदामासारखी होते. कोणती वस्तू कोठे लागते हे कोणालाच सांगता येत नाही आणि भीतीपोटी कोणी काही फेकूनही देत नाही.

यावर पहिला मोठा उपाय २०११ साली आला. ट्विटरमधील दोघांनी ‘बूटस्ट्रॅप’ खुले केले. त्यात बटण, तक्ता, मेनू सारे तयार मिळे. पण तयार शर्टाचे जे होते तेच झाले. अंगात बसला तर ठीक, नाहीतर उसवून शिवत बसा. शिवाय सगळ्यांची दुकाने एकसारखी दिसू लागली.

२०१७ च्या अखेरीस कॅनडातील ॲडम वॉदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलविंड सीएसएस आणले. त्यात तयार बटण नाही. एकेकच काम करणारी लहान लहान नावे आहेत. ‘पी-४’ लिहिले की चारही बाजूंनी आत १६ पिक्सेल जागा सुटते. ‘पी-६’ लिहिले की २४ पिक्सेल. एका आकड्याला चार पिक्सेल, असा सरळ हिशेब आहे. ‘फ्लेक्स’ने वस्तू एका रांगेत बसतात, ‘बीजी-रेड-६००’ने मागे लाल रंग येतो. ही नावे एचटीएमएलमध्येच एकापुढे एक लिहायची. यालाच ‘युटिलिटी-फर्स्ट’ म्हणतात. शिंप्याच्या हाती तयार शर्ट न देता पक्क्या खुणांची टेप द्यावी, तसा हा प्रकार आहे. शर्ट ज्याच्या त्याच्या मापाचा होतो, पण इंच सर्वांचा एकच राहतो.

बसविण्याची रीत

आज जावास्क्रिप्टच्या ॲपमध्ये टेलविंड बसविणे हे दहा मिनिटांचे काम आहे. रिॲक्ट आणि व्हाइट ही जोडी सध्या फार वापरली जाते, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ.

प्रथम संगणकावर नोड हवे, आणि ते फार जुने नको. त्यानंतर एनपीएमच्या ‘क्रिएट व्हाइट’ या आज्ञेने नवे ॲप उभे करावे. ती आज्ञा ॲपचे नाव विचारते, कोणते फ्रेमवर्क हवे ते विचारते. तेथे रिॲक्ट निवडावे. दुसरी पायरी म्हणजे त्या फोल्डरमध्ये जाऊन एनपीएमने दोन वस्तू उतरवून घ्याव्यात. एक टेलविंड सीएसएस आणि दुसरी त्याचाच व्हाइटसाठीचा प्लगइन. तिसरी पायरी, व्हाइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये रिॲक्टच्या प्लगइनशेजारी हा प्लगइन लिहावा. चौथी, ॲपच्या मुख्य सीएसएस फाइलमध्ये टेलविंडला इम्पोर्ट करणारी एक ओळ सर्वांत वर लिहावी, आणि ती फाइल ॲपच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये जोडलेली आहे ना ते पाहावे. बस्स. आता कोणत्याही पट्टीला ‘पी-४ बीजी-रेड-६००’ लिहून पाहावे. रिॲक्टमध्ये ‘क्लास’ऐवजी ‘क्लासनेम’ लिहितात, एवढे ध्यानात असावे.

टेलविंड बसताच पानावरची शीर्षके लहान होतात आणि याद्यांचे ठिपके गायब होतात. नवखा मुलगा येथे घाबरतो. हा बिघाड नव्हे. ब्राउझरने आपणहून दिलेले आकार पुसून टेलविंड पाटी कोरी करते, म्हणजे सर्व ब्राउझरमध्ये काम एकसारखे सुरू होते. शीर्षकाला हवा तो आकार आपण द्यायचा.

यापेक्षाही सोपी एक वाट आहे. एचटीएमएलमध्ये एका स्क्रिप्टची ओळ टाकली की इंटरनेटवरून टेलविंड येते आणि ब्राउझरमध्येच चालू लागते. शिकण्यासाठी ही वाट ठीक आहे. पण ती चालू धंद्यासाठी नाही, असे टेलविंडचे कर्तेच सांगतात. दुकानातले इंटरनेट मंद झाले की पान बिनकपड्याचे उभे राहते. काही मंडळी ग्राहकाला हेच बसवून देतात आणि पूर्ण पैसे घेतात. अशा कामाला काम म्हणू नये.

जुना धडा, नवी आवृत्ती

सोप्या कामातही मुले दोन-दोन दिवस अडकतात, याचे एक कारण म्हणजे जुना धडा. जानेवारी २०२५ मध्ये टेलविंडची चौथी आवृत्ती आली आणि बसविण्याची रीतच बदलली. तिसऱ्या आवृत्तीत पोस्टसीएसएस व ऑटोप्रीफिक्सर सोबत घ्यावे लागत, ‘इनिट’ची आज्ञा देऊन कॉन्फिग फाइल तयार करावी लागे आणि कोणत्या फोल्डरमध्ये शोधायचे ते तिच्यात लिहावे लागे. सीएसएस फाइलमध्येही एकाऐवजी तीन ओळी होत्या. चौथ्या आवृत्तीत ‘इनिट’ची ती आज्ञा राहिलेली नाही, फोल्डर सांगण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही आणि सीएसएसमध्ये एक ओळ पुरते.

परंतु २०२५ पूर्वीचे व्हिडिओ आणि पुस्तके अजूनही आहेत तशीच आहेत. मुलगा धडा तिसऱ्या आवृत्तीचा पाहतो आणि एनपीएम त्याला वस्तू चौथ्या आवृत्तीची देते. मग आज्ञा चालत नाही. तो आणखी चार ठिकाणचे तुकडे जोडतो आणि शेवटी अर्धे जुने, अर्धे नवे असे काहीतरी उभे राहते. कोणताही धडा उघडण्यापूर्वी तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहावे, हा साधा नियम पाळला तर निम्मा त्रास वाचतो.

मग सर्वांनी नवीच आवृत्ती घ्यावी काय? माझे मत असे की, आधी आपले गिऱ्हाईक पाहावे. चौथ्या आवृत्तीला सफारी १६.४, क्रोम १११ किंवा फायरफॉक्स १२८ तरी लागतो. आयफोन ७ वापरणाऱ्याला आयओएस १५ च्या पुढे जाताच येत नाही. त्याच्या हातात चौथ्या आवृत्तीचे पान नीट दिसेल याची खात्री नाही. ज्यांचा ब्राउझर वर्षानुवर्षे अद्ययावत झालेला नाही, अशा फोनवरून ज्यांची गिऱ्हाइके ऑर्डर देतात, त्यांनी ३.४ वर थांबावे. टेलविंडच्या कर्त्यांचाही सल्ला तोच आहे. नवे घेतले नाही म्हणून कोणी मागासलेला ठरत नाही. ज्या दुकानात ॲप फक्त गल्ल्यावरच्या संगणकावर चालणार आहे, त्याने मात्र खुशाल चौथी आवृत्ती घ्यावी.

चालू ॲपची आवृत्ती बदलायची असेल तर ते काम महिनाअखेरीच्या हिशेबाच्या दिवसांत करू नये. चौथ्या आवृत्तीत कडांचा ठरीव फिका करडा रंग गेला आणि त्या जागी अक्षराचाच रंग आला. त्यामुळे ज्याने कडेचा रंग वेगळा लिहिलेला नाही, त्याचे सारे तक्ते एका रात्रीत काळ्या रेघांचे दिसू लागतात. असे लहान बदल आणखीही आहेत.

लाल पट्टी कोठे गेली?

आता आमच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे वळू. टेलविंड आपल्याकडची हजारो नावे ॲपमध्ये ओतत नाही. ते आपल्या फाइली साध्या मजकुरासारख्या वाचते, त्यांत जी नावे पूर्ण लिहिलेली सापडतील तेवढ्यांचेच सीएसएस तयार करते आणि बाकीचे सोडून देते. म्हणूनच शेवटची फाइल इतकी लहान होते. नेटफ्लिक्सच्या ‘टॉप टेन’ संकेतस्थळाचे सारे सीएसएस मिळून फक्त ६.५ केबी जाते, असे टेलविंडने आपल्या माहितीपुस्तकात दिले आहे. मंद इंटरनेटवरच्या गिऱ्हाइकासाठी हा मोठा फायदा आहे.

पण टेलविंड फाइल वाचते, जावास्क्रिप्ट चालवून पाहत नाही. आमच्या तरुणाने रंगाचे नाव तुकड्यांतून जोडले होते. आधी ‘बीजी’, मग खात्याच्या स्थितीनुसार ‘रेड’ किंवा ‘ग्रीन’, मग ‘६००’. ॲप चालू असताना नाव पूर्ण होई, पण फाइलमध्ये ते पूर्ण कोठेच लिहिलेले नव्हते. मग त्याच्या घरी रंग कसे दिसले? आम्हाला रंग निवडता यावेत म्हणून त्याने नमुन्याचे एक पान केले होते. त्यावर सर्व रंगांची नावे पूर्ण लिहिलेली होती. टेलविंड ती उचलत होते आणि पट्ट्या रंगीत होत होत्या. ॲप आमच्या हाती देण्यापूर्वी त्याने ‘आता याचे काय काम’ म्हणून ते पान काढून टाकले. पानाबरोबर रंगही गेले.

उपाय पाच मिनिटांचा होता. स्थितीपुढे पूर्ण नाव लिहिलेली छोटी यादी करायची. ‘थकबाकी’पुढे ‘बीजी-रेड-६००’ आणि ‘चुकता’पुढे ‘बीजी-ग्रीन-६००’. जोडाजोड नाही. दुसरी गोष्ट, ॲप ग्राहकाला देण्यापूर्वी त्याचा पक्का बिल्ड करून तोच उघडून पाहायचा, घरच्या चालू कामावर भरवसा ठेवायचा नाही. तिसरी गोष्ट आमच्याच चुकीची आहे. नुसत्या रंगावर व्यवहार सोडायला नको होता. आता पट्टीवर ‘थकबाकी’ हा शब्दही येतो. ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही असे लोकही दुकानात काम करतात, हे आम्हाला तेव्हा सुचले नव्हते.

माप आपले असावे

बहुतेक जण टेलविंड बसवून थांबतात आणि त्यातले ठरीव रंग, ठरीव अक्षरे वापरतात. खरे काम येथून पुढे आहे. चौथ्या आवृत्तीत सीएसएस फाइलमध्येच ‘थीम’ नावाचा भाग लिहिता येतो. त्यात ‘थकबाकी’ नावाचा रंग एकदा ठरविला की पाटी, अक्षर, कडा सगळीकडे त्याच नावाने वापरता येतो. उद्या लाल जरा गडद हवा असेल तर एकाच ठिकाणी बदलावा लागतो. दुकानाचा रंग, अक्षराचा ठसा, अंतरे ही मापे मालक आणि कारागीर यांनी एकत्र बसून पहिल्याच दिवशी ठरवावीत.

मराठी आणि उर्दूसाठी तर हे अगत्याचे आहे, कारण टेलविंडची ठरीव मापे इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून केलेली दिसतात. त्यातील ‘टेक्स्ट-५एक्सएल’ व त्यापुढच्या मोठ्या आकारांत ओळीची उंची अक्षराएवढीच धरली आहे. इंग्रजीत ते देखणे दिसते. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. नस्तालीक उर्दूची अक्षरे तर उतरत येतात, त्यांना त्याहूनही मोकळी ओळ लागते. अशा ठिकाणी ‘लीडिंग’ची नावे वापरून उंची वाढवावी. अक्षरांत अंतर पाडणारी ‘ट्रॅकिंग’ची नावे मराठी-उर्दूला लावूच नयेत. मराठीची शिरोरेषा तुटू शकते आणि उर्दूचा जोड विसकटतो.

ज्यांच्या ॲपमध्ये उर्दू पान आहे त्यांच्यासाठी आणखी एक. ‘एमएल-४’ म्हणजे डावीकडे जागा. पान उजवीकडून डावीकडे वाचायचे असले तरी ही जागा डावीकडेच राहते आणि मांडणी उलटी दिसते. मार्च २०२३ मधील ३.३ आवृत्तीपासून ‘एमएस’ आणि ‘एमई’ ही नावे आली आहेत. त्यांचा अर्थ ओळीचा आरंभ आणि ओळीचा शेवट. पानाला उजवीकडून डावीकडे अशी दिशा सांगितली की ही जागा आपोआप बाजू बदलते. सुरुवातीपासून हीच नावे वापरली तर एकाच ॲपमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही नीट बसतात. हे काम मागाहून करायचे म्हटले तर सगळी पाने उसवावी लागतात.

आक्षेप आणि उत्तर

टेलविंडवर जाणकारांचा मोठा आक्षेप असा की, एचटीएमएल वाचण्यासारखे राहत नाही. एका बटणाला पंधरा-वीस नावे चिकटलेली दिसतात. हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर रिॲक्टमध्येच आहे. बटण एकदाच घटक म्हणून तयार करावे, त्याची सारी नावे त्या एका फाइलमध्ये राहतात आणि बाकी ॲपमध्ये फक्त ‘बटण’ असे लिहावे लागते. जो हे न करता तीच वीस नावे पन्नास ठिकाणी चिकटवतो, त्याला कोणतेही हत्यार दिले तरी तो पसाराच करणार.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. टेलविंड शिकलेल्या मुलांना सीएसएस येत नाही. त्यांना ‘फ्लेक्स’ ठाऊक असते, पण वस्तू का सरकली ते सांगता येत नाही. जुन्या उस्तादांच्या हाताखाली शागीर्द आधी हाताने शिवायला शिके, मशीन मागाहून मिळे. तीच रीत येथे ठेवावी. दोन-तीन महिने साधे सीएसएस हाताने लिहावे, मग टेलविंड घ्यावे. आज यंत्राला विचारले की कोड लिहून मिळतो. पण मिळालेला कोड बरोबर की चूक हे ओळखायला माणूसच लागतो, आणि बाजार पुढे त्यालाच विचारणार आहे.

मोफत हत्याराची किंमत

टेलविंड एमआयटी परवान्याखाली मोफत मिळते. मग ते करणाऱ्यांचे घर कशावर चालते? त्यांची कंपनी तयार नमुने विकते. लोक माहितीपुस्तक वाचायला तिच्या संकेतस्थळावर येत आणि तेथे नमुने पाहून विकत घेत. आता लोक पुस्तक न वाचता एआयला विचारतात. जानेवारी २०२६ मध्ये वॉदन यांनी उघडपणे सांगितले की, वापर पूर्वीपेक्षा वाढलेला असूनही उत्पन्न सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि अभियंत्यांपैकी ७५ टक्के लोकांना कमी करावे लागले. त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी मदत जाहीर केली.

व्यापाऱ्यांनी या घटनेकडे नीट पाहावे. माल जास्त खपला तरी विक्रीची वाट बंद झाली की दुकान बसते, हा एक धडा. दुसरा असा की, ज्या मोफत वस्तूवर आपला धंदा उभा आहे ती उद्याही अशीच मिळत राहील असे गृहीत धरू नये. टेलविंडच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. त्याचा कोड खुला आहे आणि एकदा बिल्ड झालेले सीएसएस ही साधी फाइल असते. कंपनी राहो न राहो, ती चालतच राहते. मात्र तो कोड आणि ती फाइल आपल्या ताब्यात असली पाहिजे.

काम देणाऱ्याने काय मागावे?

ॲप करून घेणाऱ्या बांधवांनी कोड शिकण्याची गरज नाही. पण करारापूर्वी पाच गोष्टी लेखी मागाव्यात. टेलविंडची कोणती आवृत्ती बसविली आणि का? वस्तूंच्या आवृत्त्या नोंदविणारी पॅकेज आणि लॉक या दोन्ही फाइलींसह सारा कोड आमच्या नावावर राहील काय? रंग आणि अक्षरांची मापे एका ठिकाणी लिहिली आहेत काय? पक्का बिल्ड आमच्या दुकानातल्या सर्वांत जुन्या फोनवर उघडून दाखविला काय? आणि दुसऱ्या कारागिराला हे काम पुढे न्यायचे असेल तर एक पान भरेल इतकी माहिती लिहून ठेवली आहे काय?

या पाच प्रश्नांना जो तरुण नीट उत्तरे देतो त्याला घासाघीस न करता पुरता मोबदला द्यावा. आमच्याकडे चूक झाली तो तरुण आजही आमचेच काम पाहतो. त्याने स्वतःच्या पैशातून भरपाई देऊ केली होती, ती आम्ही घेतली नाही. नमुन्याचे पान का काढले हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही पक्के काम पाहून घेतले नाही. चूक निम्मी आमची होती.